जगदाळे गाडी मागे घेत नाहीत

आमचे समोरचे जगदाळे भावजी टॅक्सी चालवतात, पण गाडी मागे घेत नाहीत. रिव्हर्स गिअर नावाची चीज गाडीत असते हे त्यांना मान्य आहे. तो आपल्यासाठी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. कोणी कारण विचारलं की छाती पुढे काढून सांगतात, "जगदाळ्यांच्या रक्तात माघार नाही. आमचे पणजोबा दख्खनहून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले ते पुढेच आले."

आमचे हे म्हणतात, याचे पणजोबा फौजेत घोड्यांच्या चाऱ्यावर होते, त्यांना माघार घ्यायला सांगणार कोण? पण हे भावजींच्या तोंडावर म्हणत नाहीत.

नया बाजारात दुकान दहा पावलं मागे राहिलं तर भावजी अख्ख्या बाजाराला वळसा घालून पुन्हा त्या दुकानासमोर येतात. एकदा गाडीत नवरदेव होता आणि मंगल कार्यालयाचं फाटक थोडं मागे राहिलं. नवरदेव गाडीत म्हणून वरातही नाचत नाचत गाडीमागून वळशाला गेली. गर्दीत फाटक दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्या फेरीला बँडवाले बसून राहिले आणि नवरीचा मामा स्वतः रस्त्यात आडवा उभा राहिला.

पडावच्या टॅक्सी स्टँडवर कधी गाडी मागे सरकवणं भागच पडलं तर बाकीचे ड्रायव्हर ढकलतात. भावजी आत ताठ बसून असतात. "न्यूट्रलमध्ये चौघांनी ढकललं ही माघार नव्हे वहिनी, हा आग्रह झाला," असं त्यांनी मला समजावलं होतं. मी पोट धरून हसले होते. त्या सकाळी मात्र मला हसू आलं नाही.

आमच्या मुग्धाची सरकारी नोकरीची परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. केंद्र मुरारला, फाटक साडेआठला बंद, मग एक मिनिटाची सूट नाही. आणि चारच दिवसांपूर्वी ही बाई जिन्यावरून घसरली होती. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. आमचे हे बाहेरगावी. परीक्षेमुळे सकाळपासून रिक्षा मिळेना, म्हणून भावजींना सांगितलं. ते दाना ओलीच्या, म्हणजे आमच्या गल्लीच्या, वरच्या तोंडातून गाडी आत घेऊन आले, म्हणजे खालच्या तोंडाने सरळ निघता येईल. निघायची वाट ठरवल्याशिवाय ते कुठे शिरतच नाहीत.

पावणेआठला मुग्धाला कशीबशी मागच्या सीटवर आडवी बसवली. पन्नास पावलं गेलो असू, तर समोरून लोखंडी कपाटं भरलेला लोडर टेम्पो आला आणि कडाड् करून तिथेच बसला. एक्सल तुटला.

ड्रायव्हर उतरून म्हणाला, "भाईसाहब, ये अब नहीं हिलेगी. आप पीछे ले लो."

गल्ली एवढी अरुंद की दोन्हीकडे हातभर जागा. मागे चढ. ढकलायचं तर माणसं पुरेनात.

"भावजी, मागे घ्या," मी म्हटलं.

"बघू. हटवतील ते."

"एक्सल तुटलाय. कसे हटवतील?"

सात पन्नास. लोडरवाला म्हणाला, "चाबी दो, मैं निकाल देता हूँ." भावजींनी किल्ली काढली आणि मुठीत दाबून धरली. सात पंचावन्न. मुग्धाच्या हातातलं प्रवेशपत्र घामाने ओलं झालं होतं. "आई, बोलो ना उनको," ती म्हणाली, "माझा सेंटर छूट जाएगा."

मी मुळात तोंडाची फटकळ. मग सुटलेच. "तुमचे पणजोबा गेले खड्ड्यात. दोन वर्षं पोरगी रात्रंदिवस खपली आहे. तुमच्या खोट्या ऐटीपायी तिचं नुकसान झालं तर या जन्मात तुमचं तोंड बघणार नाही मी."

त्यांनी मान वर केली नाही. हळूच म्हणाले, "पणजोबांचं काही नाही वहिनी. कुसुम मागे उभी राहायची. ती गेल्यापासून आरशात बघितलं की मागची जागा रिकामी दिसते. हातपायच चालत नाहीत माझे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण हे मला माहीत असायला हवं होतं. कुसुमताई म्हणजे भावजींची बायको. त्या होत्या तेव्हा रोज संध्याकाळी सातला भावजी गाडी उलटी गल्लीत आणायचे, सकाळी तोंड बाहेर असावं म्हणून. कुसुमताई मागे उभ्या राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत डिकीवर थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे या, एक म्हणजे थांबा. त्या आवाजावर मी कुकर बंद करत असे. त्या गेल्या आणि भावजी गाडी पडावलाच ठेवून घरी पायी येऊ लागले. मी तर त्यांना वर म्हटलंही होतं, "बरं झालं, तेवढंच चालणं होतं."

मी उतरले. भिंतीला पाठ घासत गाडीच्या मागे गेले आणि डिकीवर दोन थापा मारल्या. गाडी हलली नाही.

"भावजी, मी आहे मागे. येऊ द्या."

आरशात त्यांचे डोळे दिसले. त्यांनी बाहीने पुसले. मग किल्ली फिरली, गिअर पडल्याचा आवाज आला आणि गाडी इंच इंच मागे येऊ लागली, थांबत, दचकत. मी दोन थापा मारत उलटी चढ चढत होते. एका ओट्याशी पत्रा घासला, तिथे एक थाप मारली. "डावीकडे घ्या. आता येऊ द्या." मी बोलायची थांबले नाही. वरच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आठ वाजून सात मिनिटं झाली होती.

त्यानंतर भावजींनी गाडी कशी पळवली ते विचारू नका. मुरारच्या फाटकाशी चौकीदाराने साखळी हातात घेतलेली होती. मुग्धा कुबडी टेकत आत शिरली आणि साखळी लागली.

आम्ही दोघं फाटकाबाहेर उभे राहिलो. भावजी म्हणाले, "वहिनी, स्टँडवर सांगू नका."

"काय?"

"जगदाळे मागे आले ते."

नाही सांगणार, असं मी कबूल केलं. पडावच्या स्टँडवर मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मी कुकर लावला होता. मुग्धा पाय उशीवर ठेवून पडली होती. पेपर चांगला गेला म्हणत होती. सात वाजले आणि गल्लीच्या वरच्या तोंडाशी हॉर्न वाजला. एकदाच, बारीक. थोड्या वेळाने पुन्हा.

"आई, जाओ ना," मुग्धा म्हणाली. "तुलाच बुला रहे हैं."

मी गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि गेले. गाडी गल्लीकडे पाठ करून उभी होती. भावजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आरशात बघत बसले होते.

मी डिकीवर दोन थापा मारल्या.