ये की रे, टर्की

कोणी बोलत असलं की मध्ये मध्ये 'हो, हो' म्हणायची मोरेश्वरला सवय होती. आपण ऐकतोय हे समोरच्याला कळावं, एवढाच त्याचा अर्थ. साताऱ्यात तो सगळ्यांना कळायचा. इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्याचा साहेब डग कॉफी घेता घेता रानटर्कीबद्दल वीस मिनिटं बोलला, मोरेश्वर वीस मिनिटं 'येस, येस' म्हणत राहिला, आणि संध्याकाळी शिकाऊ शिकाऱ्याच्या लायसन्सची लिंक मेलमध्ये येऊन पडली.

"मग नाही म्हणून सांग," उल्का म्हणाली.

"अगं, पुढच्या महिन्यात टीम लीड ठरणारे. आणि तोच ठरवणारे."

"आणि आईंना काय सांगशील?"

खरी अडचण तिथेच होती. उल्काला सातवा महिना लागला होता आणि तिच्या बाळंतपणासाठी आई आली होती. बायको गरोदर असताना नवऱ्याने कुठल्या जिवाला धक्का लावायचा नाही, हा आईचा दंडक. ती त्याला नारळसुद्धा फोडू देत नव्हती. पूजेचा नारळ शेजारच्या नकुलकडे जायचा आणि फुटून परत यायचा. गॅरेजमधला कोळी तर आता घरचाच झाला होता.

"आई, शनिवारी साहेबांबरोबर रानात पक्षी बघायला जातोय," मोरेश्वर म्हणाला. हे खोटं नव्हतं. अपुरं होतं.

शनिवारी पहाटे डग त्याला न्यायला आला. कंपनीत डग कम्प्लायन्स, म्हणजे सगळं नियमात चाललंय की नाही ते, बघायचा आणि शिकारीच्या नियमांची पुस्तिका खिशात बाळगायचा. रान त्याच्याच मालकीचं होतं. वाटेत त्याने धडा दिला. हिवाळ्याआधीची शिकार सोपी: आधी थवा उधळून लावायचा, मग झाडाला पाठ टेकून गप्प बसायचं. पांगलेली पिल्लं आईला शोधत 'की-की' असा बारीक सूर काढतात. तोच सूर आपण काढला की सगळी परत गोळा होतात.

रानात पोचल्यावर थवा उधळून दोघं झाडाला टेकून बसले. "पहिली गोळी तुझी," डग म्हणाला आणि बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली.

सूर काढायला तोंडात धरायची रबरी पट्टी होती. मोरेश्वरने फुंकली. ती घशाकडे सरकली. जो आवाज निघाला तो ऐकून झाडावरून उतरणारी खार परत वर गेली.

"तू नुसता बस," डग म्हणाला.

धुकं ओकच्या पानांवरून थेंबाथेंबाने उतरत होतं. तेवढ्यात मोरेश्वरच्या खिशात फोन थरथरला. हातमोज्यातल्या बोटाने तो बंद करायला गेला आणि स्पीकर सुरू झाला.

"मोरू, पोहे गार झाले की रे. ये की. ये की रे आता. ये की..."

आईचा आवाज बारीक आणि जात्यावर बसल्यासारखा लांबवलेला. झुडपं हलली. एक मान आली, मग दुसरी, मग मोराच्या गरीब चुलतभावंडांसारखे अकरा पक्षी समोर येऊन उभे राहिले आणि मोरेश्वरच्या खिशाकडे बघू लागले.

मोरेश्वरला एकीकडे टीम लीड दिसत होता, दुसरीकडे नारळ. त्याने डोळे मिटले.

"थांब," डग कुजबुजला. पुस्तिका उघडलेली होती. "यंत्रातून आलेल्या हाकेवर मारता येत नाही. फोन हे यंत्र आहे." मग पुढची ओळ वाचून म्हणाला, "माणूस स्वतः येऊन हाक मारत असेल, तर चालतं."

त्याला घरी सोडताना डग मुद्दाम आत आला. त्याने आईला सगळं इंग्लिशमधून समजावलं, हातवारे केले, पुढच्या शनिवारचं आमंत्रण दिलं. आई प्रेमाने मान हलवत राहिली. "हो, हो. हो, हो."

पुढच्या शनिवारी मोरेश्वर आईला आपल्याच गाडीतून घेऊन गेला. साडीवर डगचं पानापानांचं जॅकेट, पायात दोन जोड मोजे, काखेत कापडी पिशवी. ती झाडाला टेकून बसली आणि तिने हाक घातली. या वेळी चौदा आले. डगने मोरेश्वरला खूण केली. मोरेश्वरने बंदूक उचलायला जमेल तेवढा वेळ लावला.

तोवर आई उठून पुढे गेली होती. पिशवीत हात घालून तिने ज्वारी फेकली. एक मूठ, दोन मुठी, मग पिशवीच उलटी केली.

"आपण बोलवलं आणि आले बिचारे. तसेच पाठवायचे होय?"

डगने पुस्तिकेचं पान शोधलं. "दाणे टाकलेल्या जागी शिकार नाही. दाणे उचलले तरी दहा दिवस नाही." त्याने बोटांवर मोजलं. "सीझनचे आठच उरलेत."

मोरेश्वर निमूटपणे बंदूक परत देऊ लागला. डगने ती घेतली. "नियम सांगितल्यावर वाद घालत नाहीस तू. लीडला असाच माणूस लागतो."

परतताना मोरेश्वरने गाडी मोठ्या रस्त्याला लावली.

"साहेबांना वाईट वाटलं असेल," मोरेश्वर म्हणाला. "तुला काय माहीत म्हणा, दाण्यांचा असा कायदा असतो ते."

"मला कुठलं इंग्लिश येतंय," आई म्हणाली. "उल्काला येतं. तिनं फोनवर काढून सगळी पुस्तिका वाचून दाखवली मला."

मोरेश्वरने मान वळवून पाहिलं.

"रस्त्याकडं बघ. बायको सातव्या महिन्यात आणि मांडीवर बंदूक घेऊन बसतोय." तिने जॅकेटची चेन नीट वर ओढली. "डिकीत अजून एक पिशवी आहे ज्वारीची. तुझ्या साहेबांचं आणखी कुठं रान आहे का रे?"