दोनच किल्ल्यांचं कुलूप

नागसेन गजभिये कुलूप बसवायला आले की हत्यारांची पेटी उघडण्याआधी तोंड उघडत. दुकान असो, गोदाम असो की वकिलाचं ऑफिस, भाषण ठरलेलं. मी लावलेलं कुलूप मालकाच्या किल्लीशिवाय कोणाचंच ऐकत नाही, आणि एकदा हातात घेतलेली किल्ली मी जन्मात विसरत नाही! तीस वर्षांत हे भाषण त्यांनी इतक्यांदा केलं होतं, की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. हल्लीच त्यांनी टपरीवर 'व्यावसायिक कुलूप सेवा : दुकाने, दवाखाने, कार्यालये' अशी नवी पाटी लावली होती. पाटी टपरीपेक्षा चांगली दोन वीत रुंद झाली होती, पण धंदा वाढवायचा म्हणजे सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

धंतोलीतल्या डॉक्टर वेदिकांसमोरही हे भाषण झालं. या दवाखान्यात आधी त्यांचे वडील, गोपाळराव डॉक्टर, बसत. दिवाळीनंतर त्यांनी खुर्ची लेकीच्या हवाली केली आणि ते मुलाकडे पुण्याला जाऊन नातवाला कॅरम शिकवू लागले. वेदिकाबाई हुशार, मायाळू, पण शिस्तीच्या. मागच्या आठवड्यात कधी नव्हे त्या सकाळी आठला आल्या, तर दवाखान्यातल्या मावशी दूध आणायला गेलेल्या आणि आत बेसिनपाशी एक अनोळखी माणूस निवांत दाढी करत उभा! तोंडाचा फेस तसाच ठेवून त्यानं त्यांना सांगितलं, "डॉक्टर नऊ वाजता येते. बसा." वेदिकाबाई बसल्यासुद्धा. डॉक्टर आपणच आहोत हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत माणूस तोंड पुसून चहाला निघून गेला होता.

त्याच दिवशी त्यांनी नागसेनना बोलावलं. बाहेरच्या दाराला नवं कुलूप हवं, आणि त्याच्या दोनच किल्ल्या. एक त्यांच्या पर्समध्ये, दुसरी त्यांच्या घरच्या कपाटात. तिसरी या जगात असता कामा नये. शिवाय इमारतीचे सेक्रेटरी ताराचंदजी गुरुवारी सकाळी नऊला कुलूप बघायला येणार होते. त्यांच्या मनास आलं, तर इमारतीतल्या उरलेल्या दहाही दवाखान्यांचं काम नागसेनना मिळणार होतं. दहा दवाखाने! नागसेन घरी गेले ते जमिनीपासून चार बोटं वरूनच.

जेवताना त्यांनी बायकोला, मायाला, सगळं सांगितलं. दहा दवाखान्यांचं ऐकूनही माया म्हणावी तशी खुलली नाही. दोनच किल्ल्या म्हटल्यावर बाकीच्यांनी कुठं जायचं, एवढंच तिनं विचारलं. नागसेन म्हणाले, बाकीच्यांनी नऊ वाजता यायचं. माया वरण वाढायला उठली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली. धंद्यातलं हिला काय कळतंय, असं मनाशी म्हणून नागसेननी आणखी एक पोळी घेतली.

बुधवारी दुपारी वेदिकाबाई जेवायला घरी गेल्या असताना नागसेननी कुलूप बसवलं. दवाखान्यात फक्त सिंधूताई होत्या. सिंधूताई म्हणजे या दवाखान्याचं सगळं काही. नंबर त्या लावत, वजन त्या करत, इंजेक्शनला भिणाऱ्यांना त्या रागावत आणि रडणाऱ्यांना त्याच जवळ घेत. माहेर उमरेडचं, विणकरांचं. वडिलांनी मागावरच्या सुताची वळून दिलेली एक दोरी त्यांच्या गळ्यात असे आणि तिला दवाखान्याची किल्ली. एकतीस वर्षं रोज सकाळी सातला त्या किल्लीनं त्यांनी ते दार उघडलं होतं आणि रात्री लावलं होतं; डॉक्टरांना स्वतःची किल्ली कधी लागलीच नव्हती. स्वतःच्या लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा उघडलं, मग मांडवात गेल्या.

काम संपत आलं तेव्हा त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. एकदा आपली किल्ली लावून बघू का, असं त्यांनी विचारलं. नवं कुलूप जुन्याच जातीचं होतं, म्हणून किल्ली आत गेली. फिरली मात्र नाही. त्यांनी पुन्हा एकदा हलकेच फिरवून बघितली, बाहेर काढली आणि पदरानं पुसून परत गळ्यात सोडली.

"मी आपली सातलेच येईन, नागसेनभाऊ," त्या म्हणाल्या. "झोपच उघडते ना. पायरीवर बसून राहीन नऊपर्यंत."

मग त्यांनी नागसेनसाठी चहा आणला. नागसेननी तो कप तसाच बाजूला ठेवला. बारा वर्षांपूर्वी एका पहाटे मायाला दम लागला होता, ओठ निळे पडले होते आणि ते तिला रिक्षात घालून याच दारात आले होते. दार बंद असतं, तर पुढे काय झालं असतं हे त्यांनी कधी मनातसुद्धा पुरतं बोलून पाहिलं नव्हतं. पण सिंधूताई त्या दिवशी लवकर आल्या होत्या. त्यांनी मायाला आत घेतलं, वाफेचं मशीन लावलं, गोपाळराव डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत तिची पाठ चोळत बसल्या. या बाईला आता पायरीवर बसवायचं, आणि तेही आपल्या हातानं! नागसेनना ते सोसवेना.

कुलपाच्या पोटात बारीक पितळी पिना असतात. त्या हुशारीनं बदलल्या, तर एकाच कुलपाला दोन वेगवेगळ्या किल्ल्या चालवता येतात. हे नागसेन सगळ्यांना सांगत नसत, कारण त्यामुळे भाषण लुळं पडतं. त्यांनी कुलूप पुन्हा खोललं. तरी धंद्याची सावधगिरी म्हणून एक गोष्ट विचारून घेतली.

"ताई, ह्या किल्ल्या तुमच्यापाशी किती हायेत?"

"माह्यापाशी? एकच," सिंधूताई म्हणाल्या.

खरं तेच त्यांनी सांगितलं. दुसऱ्यांपाशी किती आहेत, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. नागसेननी अर्ध्या तासात पिना बदलल्या. सिंधूताईंनी किल्ली लावली, कुलूप फिरलं आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग दोघांचं ठरलं, की त्यांनी सातला उघडायचं, झाडलोट करायची, पावणेनऊला बाहेर येऊन दार ओढायचं, म्हणजे कुलूप आपोआप लागतं, आणि पायरीवर साळसूद बसायचं. सिंधूताईंनी मान हलवली. त्यांचं अर्धं लक्ष किल्लीकडेच होतं, हे नागसेनना तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी पावणेनऊला नागसेन इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. पायरीवर कोणी नव्हतं. गेल्या असतील दूध आणायला, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. नऊला वेदिकाबाई आल्या, पाठोपाठ ताराचंदजी आले. ताराचंदजी म्हणजे सफारी सूट आणि नव्या वस्तूवर टिचकी मारून बघायची सवय. त्यांनी कुलपावर टिचकी मारली. नागसेननी भाषण सुरू केलं आणि 'कोणाचंच ऐकत नाही' इथपर्यंत ते आले असतील नसतील, तोच आतून कोणीतरी खोकलं.

वेदिकाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. नागसेन कुलपाकडे बघू लागले. वेदिकाबाईंनी पर्समधून नवी कोरी किल्ली काढली, लावली, फिरवली आणि दार ढकललं.

आत चौदा माणसं होती! पंखे चालू होते. सगळ्यांच्या हातात नंबराचे कागद होते. काट्यावर एक आजी उभ्या होत्या आणि सिंधूताई त्यांचं वजन लिहून घेत होत्या. कोपऱ्यात जिजाबाई चहावाली कप वाटत होती. आणि बेसिनपाशी तोच मागच्या आठवड्यातला माणूस, तसाच फेसात! त्यानं आरशातूनच डॉक्टरांना ओळखलं आणि मोठ्या अदबीनं सरकून जागा करून दिली.

वेदिकाबाईंचा आवाज फार शांत झाला. असा शांत आवाज नागसेननी आयुष्यात दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा तो मायाचा होता. तुम्ही सगळे आत कसे आलात, असं त्यांनी विचारलं. दाढीवाल्यानं तोंड पुसलं. त्याचं नाव लहानू. भिवापूरहून आईला दाखवायला दर आठवड्याला आणायचा. पहिल्या गाडीनं निघालं, की सहा-साडेसहालाच धंतोलीत. म्हाताऱ्या आईला फुटपाथवर कसं बसवणार, म्हणून दोन वर्षांपूर्वी सिंधूताईंनी आपली किल्ली देऊन दुसरी बनवून आणायला सांगितली होती. गोपाळराव डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनीच पंखा लावून बसत जा म्हणून सांगितलं होतं. एवढं सांगून लहानूनं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

मग जिजाबाईनं कमरेची काढली. तिची शेगडी रात्री इथं असे. मग खापरखेड्याच्या एका आजोबांनी काढली, मग काट्यावरच्या आजींनी खाली उतरून. टेबलावर एकामागून एक किल्ल्या पडत गेल्या. वेदिकाबाईंनी त्यातली एक उचलून उजेडात धरली. तिच्या माथ्यावर तीन बारीक ठिपके होते.

"हे ठिपके कोण मारतं, नागसेनकाका?"

आपण बनवलेल्या प्रत्येक किल्लीवर तीन ठिपके मारायची त्यांना हौस होती. दहाच्या दहा किल्ल्या त्यांच्या हातच्या होत्या आणि जन्मात किल्ली न विसरणाऱ्या माणसाला त्यातली एकही आठवत नव्हती.

"अकरावीवर नाहीत ठिपके," वेदिकाबाई म्हणाल्या.

अकरावी नुकतीच टेबलावर आली होती. ती ठेवणारा हात नागसेनच्या ओळखीचा होता, हातातल्या हिरव्या बांगड्या त्यांनीच आणल्या होत्या. पाठमोऱ्या बाकावरून उठून माया समोर उभी होती.

"तू इथं काहून वं?" नागसेनच्या तोंडून कसंबसं निघालं.

माया म्हणाली, ती दर गुरुवारी येते. बारा वर्षं झाली. ताईंना नंबर लावायला मदत करते. आपल्याला त्या दिवशी दार उघडं मिळालं, तसं कोणालाही मिळावं, एवढंच. नागसेननी ती किल्ली उलटसुलट करून बघितली. बायकोनं बारा वर्षं गोष्ट लपवली, याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण ठिपके कुठं होते?

"ही कोणाकडून बनवली?"

"इतवारीच्या बाजारातून," माया खाली बघत म्हणाली. "तुमाले सांगितलं असतं तर तुमी ते भाषण केलं असतं."

ताराचंदजी हसले, मग एकदम खोकले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले, तेव्हा त्यांनी सफारीच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि बारावी किल्ली टेबलावर ठेवली. इथल्या फिल्टरचं पाणी गोड लागतं, असं काहीसं ते पुटपुटले. तिच्यावर ठिपके होते. नागसेनना तेवढाच धीर आला.

राहिली ती सिंधूताईंची. त्या पुढे आल्या. दोरी डोक्यावरून काढताना केसात अडकली, ती त्यांनी सावकाश सोडवली आणि किल्ली वेदिकाबाईंसमोर धरली. चूक आपली आहे, नागसेनभाऊंना बोलू नका, असं त्या म्हणाल्या. वेदिकाबाईंनी किल्ली घेतली नाही.

"मावशी, तुम्हाला किल्ली का दिली नाही, माहीत आहे?"

"माह्यावर भरवसा नसन राहिला," सिंधूताई म्हणाल्या. "जुनं माणूस हाये मी."

वेदिकाबाई बाकावर बसल्या. डॉक्टर आता रडणार की काय, या भीतीनं लहानूच्या आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मावशींचे गुडघे झिजलेत, वेदिकाबाई सांगू लागल्या, एक्सरे त्यांनी स्वतःच काढला होता. मावशींनी पहाटे उठून दोन बस बदलून येऊ नये, नऊला आरामात यावं, म्हणून त्यांनी किल्ली दिली नव्हती. लहानपणी शाळेतून आल्यावर वेदिकाबाईंची आई घरी नसे, तेव्हा याच बाकावर सिंधूताईंच्या मांडीवर डोकं ठेवून त्या झोपत. आणि त्यांच्यावर आपला भरवसा नाही, असं मावशींना वाटलं! ही गोष्ट आधी तोंडानं सांगायला हवी होती, कुलपानं नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज पार बिघडला होता. मग दोघीही रडल्या, आणि रडणाऱ्यांना जवळ घ्यायची सवय असल्यामुळे सिंधूताईंनीच त्यांना जवळ घेतलं.

बऱ्याच वेळानं वेदिकाबाईंनी नाक पुसलं आणि डॉक्टरी आवाज परत आणला. नवं कुलूप काढून आतल्या दाराला लावायचं, औषधं आणि कागदपत्रं तिथं असतात. बाहेरच्या दाराला जुनंच कुलूप परत बसवायचं. दाढी मात्र घरून करून यायची. ज्याची त्यानं आपापली किल्ली उचलावी. सगळे टेबलाकडे धावले, त्यात ताराचंदजी सर्वात पुढे. किल्ली खिशात टाकून त्यांनी नागसेनना सांगितलं, की सोमवारपासून वरच्या मजल्यावरून सुरुवात करा, पण आधी कोणाकोणाला आत यायचं असतं ते जरा विचारून घ्या.

नागसेननी नव्या कुलपाच्या पिना पहिल्यासारख्या केल्या, दुपारभरात दोन्ही कामं उरकली आणि एक अक्षरही जास्त बोलले नाहीत. माया बाजूला पेचकस धरून बसली होती. तिची इतवारीची किल्ली त्यांनी मागून घेतली आणि तिच्यावर गुपचूप तीन ठिपके मारून परत दिली.

संध्याकाळी ते टपरीत बसले होते, तर समोर वेदिकाबाईंची गाडी थांबली. मागच्या सीटवरून सिंधूताई हळूहळू उतरल्या. एक किल्ली बनवून हवी होती, बाहेरच्या दाराची, जुनी. नमुना सिंधूताईंच्या गळ्यात होता आणि तो दिवसातून दुसऱ्यांदा गळ्यातून काढायला त्या तयार नव्हत्या. म्हणून त्या दोरीसकट मशीनवर वाकल्या आणि नागसेन त्यांच्या हनुवटीखाली जपून मशीन चालवू लागले. सकाळच्या प्रकारानंतर त्यांनी एक नवा नियम केला होता. त्यांनी मान वर न करता विचारलं, किल्ली कोणासाठी?

"माझ्यासाठी," वेदिकाबाई ओशाळून म्हणाल्या. "सगळ्या धंतोलीत माझ्याकडेच तेवढी नाही."

नागसेननी मशीन थांबवलं आणि सिंधूताईंकडे बघितलं. सिंधूताईंनी वाकल्या वाकल्या वेदिकाबाईंना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"देऊन टाका, नागसेनभाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या ओळखीची हाये."