जोमाशेठची किटली

जोमाशेठच्या दुकानात उभ्यानं चहा मिळत नाही. तुर्भ्याच्या रस्त्यावर ट्रक चालू ठेवून एखादा ड्रायव्हर धावत आत येतो, "शेठ, एक कटिंग, जल्दी" म्हणतो आणि जोमाशेठ शेगडीवरची नजर न काढता म्हणतात, "बस. चा हाय, डिझेल नाय. भरला नि सुटला!" ड्रायव्हर बसतो. बसावंच लागतं. बाहेर त्याचा ट्रक घुरघुरत असतो, क्लीनर हॉर्नवर हॉर्न मारतो आणि आत हा पठ्ठ्या बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालतो.

आमची सोसायटी आणि जुनं गाव यांच्यामधल्या बोळात हे दुकान आहे. चार बाकं, निळ्या काठाच्या कपबश्या, भिंतीवर एक गणपती. टीव्ही नाही, रेडिओ नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा इतकी हरखले की टेबलाखालून त्यांचा हात दाबला. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. तिथेसुद्धा अशी शांतता मिळत नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाय," जोमाशेठ म्हणाले, "आत एक तर फोन रव्हेल, नाय तर तू. दोगं नाय."

मी फोन बंद केला. अण्णा खुदकन हसले. घरी हेच मला सांगून ते थकले होते. त्या दिवसापासून अण्णा जोमाशेठचे भक्त झाले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं तिथे. जोमाशेठ त्यांना "अन्ना" म्हणत आणि त्यांच्या चहात आलं ठेचून घालत. मी मागितलं तर म्हणत, "तुला कं खोकला हाय?"

असा हा सावकाश माणूस फक्त एकाच कारणासाठी पळताना दिसे. जवळपास कुणी गेल्याचं कळलं की दुकान तसंच टाकून, लुंगी वर खोचून, मोठी ॲल्युमिनियमची किटली घेऊन धावत सुटायचे. ओळख असो, नसो. "मयताच्या घरी चूल पेटत नाय," म्हणायचे. "पोटात कायतरी गरम जाया पायजे ना मानसाच्या?" गावात ही जुनी रीत होती. गावाभोवती टॉवर उभे राहिले, तशी त्यांनी ती टॉवरमध्येही नेली. वॉचमननं "किसके यहाँ?" विचारलं तर म्हणत, "चूल बंद हाय त्यांच्याकडं," आणि थेट लिफ्टमध्ये.

आणि मग तो रविवार आला!

आमच्या बिल्डिंगखाली पांढऱ्या सदऱ्यातले पाच-सहा जण गप्प उभे होते. तिसऱ्या मजल्यावर दारासमोर चपलांचा ढीग. जोमाशेठनी एवढंच पाहिलं. धावत किटली घेऊन वर गेले, आत शिरले आणि यजमानांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडा. मोकल्यानं रडा. आत ठेवू नका."

आता गंमत अशी, की त्या घरी मुलीचा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी उड्डाणपुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती, फोन लागत नव्हता आणि मुलीचे वडील सकाळपासून काळजीनं अर्धमेले झाले होते. पाठीवर हात पडताच ते खरोखर रडले. हुंदके देऊन रडले! पैठणी नेसलेली मुलगी आतून धावत आली, तिला पाहून जोमाशेठ ताडकन उठले. मुलीच्या आत्याबाईंनी किटली हिसकावून सगळा चहा मोरीत ओतला. "अपशकुनी मेला!" म्हणाल्या.

सोसायटीला महिनाभराची करमणूक झाली. येणारा-जाणारा ओरडायचा, "काय जोमाशेठ, आज कोण गेलं?" पहिले काही दिवस तेही हसले. मग एका संध्याकाळी किटली खुंटीला उलटी टांगलेली दिसली.

"बास," ते म्हणाले. "आता ही दुकानाच्या भायेर जानार नाय. लोकांच्या घरी काय चाललंय, आपल्याला कलत नाय."

"असं करू नका," अण्णा म्हणाले. "माझ्या वेळी या. मी काही साखरपुडा करणार नाही."

"मुकाट चा पी, अन्ना."

त्यानंतर मी त्या किटलीकडे रोज बघायचे. ती उलटीच असायची. कुणाकडे काही झालं तरी जोमाशेठ जागचे हलत नसत. फक्त शेगडी उगाच पुसत राहत.

यंदा थंडीत अण्णा गेले. स्मशानातून मंडळी परतली, घर माणसांनी भरलं आणि माझे कान नुसते लिफ्टकडे लागले होते. शेवटी वॉचमन वर आला. "मॅडम, वो चायवाले शेठ सुबह से गेट पे खडे है. बीच में जाके चाय गरम करते है, फिर आके खडे हो जाते है."

मी खाली गेले. दोन्ही हातांत किटली धरून ते भिंतीला लागून उभे होते. माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "खरंच कं गो, बाय?"

मी मान हलवली. तेव्हा कुठे ते गेटच्या आत आले.

वर सगळ्यांना त्यांनी चहा दिला. मग दाराशी जमिनीवर टेकले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एवढं मी ऐकून होते. कसं सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "तुमच्याकडे त्या दिवशी चहा कुणी आणला होता?"

"कोन आननार?" ते म्हणाले. "घर दुकानाच्या मागंच. सगला गाव आला, सवयीनं बाकावर बसला. कोनतरी बोलला, शेठ, अर्धा अर्धा द्या. मंग मीच केला."

मी किटली उचलली. तळाशी थोडा चहा होता. तो कपात ओतून त्यांच्या पुढे धरला. बराच वेळ त्यांनी तो घेतला नाही. मग घेतला, एक घोट प्यायला आणि चेहरा एकदम उतरला.

"बाय, यात साखर नाय गो. सारख्या गरम करन्यात साखरंचं राहूनच गेलं."

खोलीभर माणसांनी तो चहा पिऊन कप रिकामे केले होते. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"चांगला झालाय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बशीत ओतला आणि सगळा प्यायला.