एक मूल जास्त

सुविधाने तिसऱ्यांदा मुलं मोजली आणि तिसऱ्यांदा ती एकतीसच भरली.

सहलीला आणली होती तीस. आता हळर्णच्या कोटाच्या दरवाजासमोर दोन रांगांत, पिवळ्या टोप्या घालून, एकमेकांना कोपर मारत उभी होती एकतीस. शनिवारची दुपार, चार वाजून गेलेले, सकाळपासून पोटात एक पाव आणि अर्धा कप चहा. सुविधा मटकन एका दगडावर बसली. सहलीत मूल हरवेल या धास्तीने तिला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. मूल वाढेल ही धास्ती घ्यायची असते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिची नोकरी शाळा सुटल्यावर सुरू व्हायची. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत एका संस्थेची नऊ केंद्रं होती. शाळा सुटल्यावर मुलांनी तिथे यायचं, वाचायचं, पाढे म्हणायचे, चित्रं काढायची, फुगडी-बुद्धिबळ खेळायचं, नाश्ता करायचा आणि घरी जायचं. सुविधा या सगळ्याची समन्वयक. समन्वयक म्हणजे शिक्षक आला नाही तर शिक्षक, नाश्तेवाली आली नाही तर नाश्तेवाली, आणि दोघंही आली तर अहवाल लिहिणारी. अकरा वर्षं ती स्कूटरवरून हेच करत होती. स्कूटर दोनदा बदलली, अहवाल तोच राहिला.

मोपा केंद्राची यादी बरोब्बर तीसची होती. तिसाखाली आकडा गेला की केंद्र बंद, असं पणजीच्या कार्यालयाचं पत्रक होतं. ते नऊही केंद्रांवर सुविधाने स्वतःच्या हातांनी चिकटवलं होतं. मोप्याचा आकडा काठावरचा, म्हणून तिचा जीव त्या केंद्रात जरा जास्तच अडकलेला असायचा.

"गौरेश, तू मोज बघू," ती म्हणाली.

गौरेश हा मोप्याचा शिक्षक. पंचविशीतला, कामाला वाघ, पण आज दुपारपासून त्याचा चेहरा ताप आल्यासारखा दिसत होता. त्याने आधी दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला पाण्याची बाटली आणायला बसकडे पिटाळलं, मग बोट नाचवत भराभर मोजलं.

"तीस, मॅडम. बरोबर असत."

"मी एकतीस मोजली."

"तुम्ही दमलात, मॅडम."

"दमलंय ते खरंच. पण दमलेल्या माणसाला मुलं कमी दिसतील, जास्त कशी दिसतील रे?"

बसच्या पायरीवर बसून चालक रामचंद्र हे सगळं ऐकत होता. साठीला टेकलेला माणूस, बोलला तर एकच वाक्य बोलायचा, पण समोरच्याला गप्प करणारं.

"बाय, उणां जालां तर बोंब मार. चड जालां तर कित्याक मारतंस?"

"अहो रामचंद्रदादा, जास्त झालं तरी बोंबच! दुसऱ्याचं पोर बसमध्ये घालून नेलं तर पळवून नेलं म्हणतील!"

"मगे एक हंयच सोडूया."

"इथे सोडायचं कुठलं?"

रामचंद्रने एकतीस टोप्यांवरून नजर फिरवली आणि तंबाखू मळायला घेतली.

मग हजेरी झाली. गौरेशने तीस नावं वाचली, तीस वेळा "हजर" आलं. गौरवीच्या नावाला जरा मोठ्याने आलं, एवढंच. नावं संपली. यादीत तीस हजर आणि समोर उभी एकतीस. सुविधाने कपाळाला हात लावला. हळर्णचंच कोणाचं तरी पोर कुठूनशी पिवळी टोपी मिळवून, मुलांच्या नाश्त्याच्या भज्यांच्या वासाने आपल्यात शिरलं असणार, असं तिने ठरवलं आणि ती कोटाखालच्या दुकानाकडे गेली. तिथेच तिचं चुकलं.

दुकानात सुमंगला बसली होती. हळर्णात कोणाच्या घरी आज काय शिजलं ते त्या घरच्यांच्या आधी हिला कळायचं.

"वयनी, तुमच्या गावातलं कोणाचं पोर आमच्या मुलांत आलंय काय हो?"

"पोर हरवलां?" सुमंगला ताडकन उठली.

"हरवलं नाही, सापडलंय."

"म्हणजे हरवलां मगे! हरवल्याबगर सापडात कशां?"

"तसं नाही वयनी, आमच्याकडे एक जास्त आहे..."

पण सुमंगलाने तोवर फोन कानाला लावला होता. दहा मिनिटांत दुकानापुढे पंचवीस माणसं जमली. दोघं नदीच्या काठाने शोधायला गेली. एकाने कोटाच्या बुरुजावर चढून हाका मारायला सुरुवात केली. काय म्हणून हाक मारायची हे ठाऊक नसल्यामुळे तो नुसताच "ओ ऽ ऽ" करत होता. कोणाचा तरी भाऊ मोप्याला विमानतळावर कामाला होता, त्याला बातमी गेली, त्याने ती गावच्या ग्रुपवर टाकली, आणि मग सुविधाचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना.

"मॅडम, खंयचां पोर हरवलां?"

"कुठलंच नाही हो. एक जास्त आहे."

"मॅडम, आमका धीर देवं नकात. काय जालां तां खरां सांगा!"

"खरंच सांगतेय, एक जास्त आहे!"

"अरे देवा," पलीकडचा बाप बायकोला सांगताना तिला ऐकू आलं, "मॅडमच्या डोक्यार परिणाम जालो. निघ, निघ!"

पाऊण तासात मोप्याचे पालक येऊन धडकले. स्कूटरवरून, पिकअपमधून, एक तर मासळीच्या टेम्पोत बर्फाच्या पेट्यांवर बसून. प्रत्येकाने आपलं पोर हुडकलं, आधी त्याला छातीशी धरलं, मग कशासाठी कोण जाणे एक धपाटा घातला आणि गाडीवर बसवलं. सुविधा हातात यादी घेऊन प्रत्येक नावापुढे खूण करत धावत होती. "सही करा! नेताना सही करा!" असं ती ओरडत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. सहलीला मुलं आणली एका बसने आणि परत चालली सतरा गाड्यांवरून. हा प्रकार अहवालात कुठल्या रकान्यात बसवायचा, या विचाराने तिला रडू यायला लागलं.

"मी रिकामी बस न्हेवं?" रामचंद्रने विचारलं. ती यादी घेऊन पुढच्या पिकअपमागे धावली.

साडेपाचला धूळ खाली बसली. यादीत एकोणतीस खुणा होत्या. एक नाव उरलं होतं, गौरवी. आणि कोटाच्या पायरीवर एका कागदातली भजी वाटून खात दोन मुली बसल्या होत्या.

सुविधा त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "तुझं नाव काय गो?"

"गौरवी," गुबगुबीत गालांची मुलगी म्हणाली.

"आणि तुझं?"

दोन वेण्यांच्या मुलीने हातातलं भजं खाली ठेवलं. तिच्या गळ्यात केंद्राचं ओळखपत्र होतं आणि त्यावर ठळक अक्षरात ‘गौरवी’ लिहिलेलं होतं. तिने आधी गौरेशसरांकडे पाहिलं. मग सुविधाला विचारलं, "वर्गातलं सांगू का घरातलं?"

गौरेश जिथे उभा होता तिथेच खाली बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "माझां चुकलां. जूनमध्ये गौरवीचे आईवडील डिचोलीला राहायला गेले. एकोणतीस झाली. त्याच आठवड्यात ही राणी खिडकीशी येऊन उभी राहायला लागली. आईबाप बेळगावकडचे, मोप्याला बांधकामावर. तिथनंच सगळ्यांबरोबर पाढे म्हणायची, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यान. हिचा फॉर्म मी भरला होता. तुम्ही परत धाडलात, ‘पत्त्याचा पुरावा जोडा’ म्हणून. हे पत्र्याच्या खोलीत राहतात, पुरावा खंयसून आणतले? माझ्याकडे एका नावाला मुलगी नव्हती आणि एका मुलीला नाव नव्हतं."

"आणि ही खरी गौरवी इथे कशी?"

"ग्रुपवर सहलीचो मेसेज वाचलो," मागून आवाज आला. गौरवीची आई चंद्रावती स्कूटर लावून येत होती. "मोप्याच्या ग्रुपात अजून असंय मी. डिचोली हंयसून लागी, अर्ध्या तासाचीच वाट, म्हणून दुपारी हिका हंय सोडून गेलंय. टोपी होतीच गेल्या वर्षाची." आणि मग कमरेवर हात ठेवून, "मॅडम, तुमची भेट झाली तां बरां झालां. माका एक विचारूचा होतां. दर म्हयन्याक तुमचो कागद येता. गौरवीचां वाचन उत्तम. गौरवीक सतराचो पाढो येता. आणि हंय घरात हिका सात पंचे विचारलंय तर बोटां मेजता! माझी जाव रोज विचारता, खंयची शिकवणी लावलंस म्हणून. मी काय सांगू?"

सुविधाच्या डोळ्यांपुढे जूनपासूनचे ते सहाही कागद आले. प्रत्येकाखाली ‘प्रत्यक्ष पडताळणी केली’ असं छापलेलं आणि त्याखाली तिची झोकदार सही. ऑगस्टमध्ये पाढ्यांच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस तिनेच गौरवीला दिलं होतं. पाठ थोपटून, फोटो काढून. ‘शाब्बास गौरवी’ म्हणताना ही पोर खाली मान घालून का उभी राहिली होती, ते तिला आत्ता कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात सिमेंटच्या टेम्पोतून एक जोडपं उतरून धावत आलं. "राणीचे आईबाप, सोनाबाई आणि भैरू," गौरेश म्हणाला. बाईच्या पदराला अजून चुना होता. तिने राणीला पोटाशी धरलं आणि सुविधासमोर हात जोडले.

"बाई, समदं कळलं न्हवं तुमास्नी? सरांस्नी कायबी बोलू नगासा. दोष आमचा हाय. पोरीला तेवडं बाहेर काडू नगा."

"सोनाबाई, तिचं नाव काढायला यादीत तिचं नाव होतं कुठे?" सुविधा थकून म्हणाली.

"मग पयल्यांदा घाला की ओ, मग काडायचं ते बगा," शेजारी उभा असलेला तिचा नवरा भैरू म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला, पण सुविधाला हसू आवरेना. अकरा वर्षांत कोणी तिच्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं.

फोन वाजला. पणजीहून कृष्णनाथसर, तिचे वरिष्ठ. "मूल हरवल्याचं ऐकतोय! किती आहेत तुमच्याकडे?"

सुविधाने पायरीकडे पाहिलं. खरं सांगावं तर मोप्याच्या यादीत एकोणतीस. केंद्राला कुलूप, गौरेश घरी, राणी परत खिडकीत. आणि खिडकी तरी उघडी कुठे राहणार.

"तीस आहेत, सर. सगळी आपापल्या घरी पोचली."

फोन ठेवून तिने पर्समधून कोरा प्रवेशअर्ज काढला. पत्त्याच्या पुराव्याखाली एक ओळ होती, जिच्याकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं: ‘पुरावा नसल्यास गावात घर असलेल्या स्थानिक पालकाची सही.’ अकरा वर्षं हा कागद ती वाटत होती, वाचला आज.

"चंद्रावतीबाई, मोप्याचं घर अजून तुमच्याच नावावर आहे ना?"

"असा. कित्याक?"

"हिच्यासाठी सही कराल?"

चंद्रावतीने राणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सतराचो पाढो म्हण बघया."

राणीने तो न थांबता म्हटला, आणि कोणी सांगितलं नसताना अठराचाही म्हटला. चंद्रावतीने पेन मागून घेतलं. "सहा म्हयने माझ्या चेडवाच्या नावान शिकलां," ती सही करत म्हणाली, "म्हणजे अर्धां माझांच मगे. पण मॅडम, गौरवीचां नाव जरा सावकाश काढा. जावेक काय सांगूचा तां ठरवूक होया."

त्या दिवशी सुविधा घरी पोचली ती मेल्यासारखी झोपली. सोमवारी तिने राणीचा अर्ज पणजीला स्वतः नेऊन दिला, मंजूर करून घेतला, गौरवीचं नाव कमी करायचं पत्रही दिलं. तीस उणे एक अधिक एक. सहा महिन्यांत पहिल्यांदा मोप्याची यादी खरी झाली होती, आणि यापुढे प्रत्येक मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं.

म्हणून गुरुवारी ती न कळवता मोपा केंद्रावर गेली. दारातच चपला काढून तिने मुलं मोजली. मग परत मोजली.

"गौरेश," ती हळूच म्हणाली, "एकतीस."

गौरेशने शर्टाची कॉलर सैल केली. शेवटच्या रांगेत एक नवी मुलगी बसली होती. सहा-सात वर्षांची, कपाळावर धुळीचा पट्टा, पाटीवर नाक टेकेल इतकी वाकून काहीतरी गिरवत होती.

"तुझं नाव काय गो?" सुविधाने विचारलं.

मुलगी टुणकन उभी राहिली. "गौरवी!"

"मॅडम," गौरेश कुजबुजला, "राणीच्या बाजूच्या खोलीतली. खिडकीत उभी होती. वरनं नाव अजून निघालां नाही, यादीत दिसतां. रिकामां कित्याक ठेवूचां म्हणून..."

सुविधा भिंतीला टेकून खाली बसली. तिचे पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि पणजीला परत जायचं या नुसत्या विचाराने तिला थकवा आला होता. पर्स उघडून ती बराच वेळ आत चाचपत राहिली.

"हिची आई कामावरून किती वाजता येते?" तिने विचारलं.

"सहाला."

"मग चहा सांग," ती म्हणाली आणि तिने कोरा अर्ज बाहेर काढला.