राणी रंगाची सावली

विहिणीच्या आहेरातली राणी रंगाची साडी वत्सलाबाईंनी डाळिंबावर बांधायला काढून दिली, तेव्हा त्यांचा हिशेब साधा होता. नेसली तर अंगाला टोचते, ठेवली तर ट्रंक अडते, आणि फळाला तर उन्हाळ्यात सावली लागते. विंचूरकडं जुन्या साड्यांचं उरलेलं आयुष्य बागेतच जातं. ही जुनी नव्हती, एवढाच काय तो फरक.

सकाळी लेकीचा, हर्षालीचा फोन आला.

"आई, सासूबाई निघाल्यात. नाशिकचा द्वारका चौक मागं पडला असेल."

"येऊ दे की."

"राणी कलरची नेस. मी त्यांना सांगून ठेवलंय, आई सणावाराला तीच नेसते म्हणून."

"असं सांगायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"मग काय, नेसतच नाही म्हणून सांगू?"

वत्सलाबाई शिडी घेऊन बागेत निघाल्या. नवरा हिरामण आडवा आला.

"साडी सोडायची नाय. फळ भाजलं तर व्यापारी हात लावणार नाय."

"आन् लेक खोटी पडली तर? तिला जन्मभर ऐकावं लागंल त्या घरात."

हिरामणनं शिडी धरली.

साडी उतरली, पण अर्धीच राणी राहिली होती. दुमडलेला भाग शाबूत, उन्हातला विटून कांद्याच्या टरफलासारखा, आणि मध्ये फवारणीचे निळसर डाग. वत्सलाबाई हटल्या नाहीत. विटलेलं आतल्या वेढ्यात गेलं, डाग निऱ्यांच्या घडीत गेले, शाबूत राहिलेला पदर खांद्यावर आला. तोवर दारात गाडी वाजली.

विहीणबाई चतुराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शोभते हो."

"तुमचीच निवड. बसा, चहा टाकते."

"चहा मग. आधी बाग दावा."

"ऊन लय हाय, विहीणबाई."

"साड्यांची सावली हाय की."

बागेत सगळी झाडं लुगडी पांघरून उभी होती. एकच तेवढं उघडं. चतुराबाई नेमक्या तिथं थांबल्या. त्यांनी झाडाकडं पाहिलं, मग वत्सलाबाईंच्या पदराकडं. पदराच्या टोकाला सुतळी लोंबत होती, गाठीसकट. हिरामणला अचानक ठिबकची नळी तपासावीशी वाटली.

"घरी जाऊन बदला ही," चतुराबाई म्हणाल्या. "आन् आधी ती झाडावर टाका. फळ भाजंल."

वत्सलाबाईंना धरणी दुभंगायला हवी होती. "हर्षालीचा यात काही दोष नाय. राग मानू नका."

"राग कशाचा? तुमच्या आहेरातली साडी आमच्या द्राक्षांवर हाय. फक्त खरं सांगू का, लवकर विरली."

वत्सलाबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ तोंडही पडलं. ती साडी त्यांनी दुकानदाराला अख्खं कपाट उपसायला लावून निवडली होती.

"विरली म्हंजे? ताणून बांधली असंल तुम्ही."

"बांधायला आमच्या मळ्यातले बहिरूभाऊ होते. विचारा त्यांना."

घरी परतेपर्यंत दोघी बांधण्याच्या पद्धतीवरून भांडत होत्या. निघताना चतुराबाईंनी रीतीप्रमाणे पिशवीतून नवी साडी काढून हातावर ठेवली. वत्सलाबाईंनी सवयीनं काठ अंगठ्यानं चोळून पाहिला. मग न राहवून त्या दारात गेल्या आणि त्यांनी पदर उलगडून सूर्यासमोर धरला.

"ऊन आरपार येत नाय," मागून चतुराबाई म्हणाल्या. "मी दुकानाबाहेर नेऊन, उन्हात धरूनच घेतली."