तात्यांची पाचर

मुलगी बघायला जाताना कोणकोणते प्रश्न येतील, याची मी घरी चांगली तालीम केली होती. पगार, घर, पत्रिका, वडिलांची पेन्शन. शुभांगीच्या वडिलांनी यातलं काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला सारून ते म्हणाले, "हात द्या." मी दिला. त्यांनी तो घट्ट धरला आणि गळका नळ बंद करावा तसा पिळायला सुरुवात केली. मी हसत राहिलो, कारण नवऱ्या मुलानं हसत राहायचं असतं. माझा खांदा कानाला टेकला तेव्हा हात सुटला.

"धरतासा बरं," ते म्हणाले. "खरं कितीला घसरतासा?"

मी निर्व्यसनी आहे, सुपारीसुद्धा खात नाही, असं मी घाईघाईनं सांगितलं. आईनंही मान डोलावली. त्यांनी मात्र आतल्या खोलीकडे तोंड करून हाळी दिली, "शुभे, हलक्या लोडला चालत्यात गं!" हा होकार होता, हे मला लग्नानंतर समजलं.

हे माझे सासरे. सगळी शिरोली एमआयडीसी त्यांना तात्या म्हणते. तिथं त्यांची एक शेड आहे आणि फौंड्रीतून आलेल्या ओतकामाला भोकं पाडून देणं हा त्यांचा धंदा. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पृथ्वी कशाभोवती फिरते हे मला झोपेतही सांगता येतं, पण ड्रिल कशाच्या जिवावर फिरतं, याचा मी जन्मात विचार केला नव्हता. तात्यांनी तो मला करायला लावला, आणि तोही दर रविवारी, जेवणाआधी.

मोठ्या ड्रिलचं बूड गाजरासारखं निमुळतं असतं. त्याला टेपर म्हणतात. मशीनच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यात, तसंच निमुळतं भोक. ड्रिल हातानं वर ढकललं की खट्ट आवाज येतो आणि ते बसतं. आटे नाहीत, खिळा नाही. "अंगाला अंग लागल्यालं असतंय, तेवढ्यावर सगळा जोर," तात्या सांगतात. "खरं त्येला हद्द हाय." हद्दीबाहेर जोर आला की टेपर घसरतो, त्याच्या अंगावर ओरखडे उठतात आणि मग तो पुन्हा पहिल्यासारखा धरत नाही. टेपरच्या टोकाला एक चपटी जीभ असते. घसरणाऱ्या ड्रिलचा सगळा भार तिच्यावर आला की ती पिळवटून तुटते. "जिभंवर लोड घ्यायचा न्हाय, पावणं," हे वाक्य तात्या नेमकं माझ्याकडे बघून का म्हणतात, ते मी कधी विचारलं नाही.

आत बसलेलं ड्रिल काढायचं तर स्पिंडलला आडवी खाच असते. तिच्यात पोलादाची चपटी पाचर घालायची, वरून एक टिचकी मारायची, की ड्रिल अलगद हातात. पण घाण न पुसता हातोड्यानं ठोकून बसवलं असेल तर ते चिकटतं, आणि मग पाचरीचाही घाम निघतो. म्हणून तात्यांचा प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न असतो: "बसलंय का चिकटलंय?" थर्मासच्या बुचाला हा प्रश्न, कुकरच्या झाकणाला हाच, आणि शेजारच्या घरात नवी सून आली तरी हाच.

दुसरं ब्रीदवाक्य, "आधी पुसा." लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी शुभांगीची तक्रार घेऊन शेडवर गेलो. तक्रार फार मोठी होती. काय होती ते आता आठवत नाही. तात्यांनी निम्मीच ऐकली, माझ्या हातात बनियनची चिंधी दिली आणि समोर तेलकट टेपरांचा ढीग ओतला. "आधी पुसा. मग बोलू." संध्याकाळपर्यंत मी पुसत होतो. परतताना रुसवा काढायला म्हणून एक साडी घेतली. ती बघून तात्या फोनवर म्हणाले, "कागुद लावलासा व्हय?" सैल टेपर घट्ट बसावा म्हणून आळशी कारागीर त्याला कागद गुंडाळतात. तात्यांच्या शेडमध्ये याहून मोठं पाप नाही. साडी मात्र शुभांगीनं ठेवून घेतली.

आता पाठवणीचं सांगतो. सगळा मांडव रडत होता. तात्यांनी पुढं होऊन शुभांगीच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड ठेवलं आणि तिच्या कानात पुटपुटले. ती आणखीच रडायला लागली. माझ्या नव्या कोटावर मशीनच्या तेलाचा डाग पडला. घरी येऊन फडकं सोडलं तर आत लोखंडाची पाचर. माझ्या आईला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून दिली असेल. तिनं तिला हळदकुंकू वाहिलं आणि कपाटात ठेवली.

पुढं एकदा वाऱ्यानं बाल्कनीचं दार आपटत होतं म्हणून मी ती दाराखाली सारली, तर शुभांगी तिरासारखी आली. "ह्याला हात लावायचा न्हाई." दर खंडेनवमीला ती पाचर बाहेर काढते, पुसते, तेल लावते आणि परत ठेवते. वडिलांची आठवण जपते बिचारी, असं मला वाटायचं. मी तसा समंजस नवरा आहे, अशी माझी समजूत आहे.

दोन वर्षांमागं सासूबाई गेल्या. तात्या घरात एकटे राहिले. मागच्या पावसाळ्यात शेडवर त्यांना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटं ठेवू नका. शुभांगीनं कसबा बावड्यात आमच्याकडे त्यांची खोली तयार केली, पण तात्या हलेनात.

"लेकीच्या घरात ऱ्हायला? लोक काय म्हंतील?"

"लोक येणार हायत का तुमाला भाकरी द्यायला?" शुभांगी म्हणाली.

"ठोकून बसवलं की चिकटतंय, पोरी. मग तुमालाबी काढता यायचं न्हाय, मलाबी निघता यायचं न्हाय."

रविवारमागून रविवार हेच चाललं. मी बदलत्या कुटुंबपद्धतीवर एक छोटं भाषण दिलं. तात्यांनी मला चिंधी दिली.

शेवटी एका रविवारी तात्यांच्या घरी शुभांगीनं पिशवीतून ते फडकं काढलं, सोडलं आणि पाचर तात्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुमीच दिल्ती. आता तुमी ठेवा. न्हाई जमलं तर मारा टिचकी आणि या इकडं परत. का आलासा म्हणून कोण इचारणार न्हाई."

तात्यांनी पाचर हातात घेतली. मी तिच्याकडे नव्यानं बघितलं. पाठवणीच्या वेळी ते कानात काय पुटपुटले होते, हे मला आत्ता कळत होतं. जिथं बसवतोय तिथनं निघायची वाट बघून ठेवलीय, नाही जमलं तर ये, का म्हणून विचारणार नाही. म्हणजे इतकी वर्षं माझ्याच कपाटात, माझ्या शर्टांच्या खालच्या फळीवर, माझ्यापासून सुटायचं हत्यार तेल लावून तयार होतं. आणि माझ्या आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं!

तात्या पाचरीवरून अंगठा फिरवत होते. "माझ्या आक्काला कुणी दिली न्हवती," ते म्हणाले. "दोनदा माघारी आल्ती. आमच्या वडलांनी दोनदाबी समजूत घालून परत धाडली. तिसऱ्यांदा ती आली न्हाय. तिची बातमीच आली." त्यांचा आवाज मशीन चालू असल्यासारखा नेहमी मोठा असतो. हे मात्र कसंबसं ऐकू आलं. शुभांगी त्यांच्या पायाशी बसली. मुलगी बघायला गेलो तेव्हा माझा हात पिळून हा माणूस नेमकं काय तपासत होता, जोर पडल्यावर मी उलटतो का, ते मला आता उमगलं, आणि माझे डोळे भरून आले.

पुढच्या आठवड्यात तात्या एक पिशवी आणि पाचर घेऊन बावड्याला आले. सुरुवातीला पाचर उशाखाली असायची. मी रोज गुपचूप बघायचो. एकदा मीठ जास्त पडलं, एकदा टीव्हीवरून वाजलं, एकदा मी जिभेवर लोड घेतला. प्रत्येक वेळी वाटायचं, आज टिचकी बसणार.

परवा शाळेतून आलो. वारा सुटला होता, तरी बाल्कनीचं दार आपटत नव्हतं. बघितलं तर दाराखाली पाचर.

"तात्या, ही इथं?"

"मगापास्नं आपटतंय की दार," ते पेपरातून मान वर न करता म्हणाले. "आन् ती उगंच पडून हाय."

स्वयंपाकघरात शुभांगीचा हात थांबला. या वेळी ती धावत आली नाही. मी तात्यांशेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"तात्या, बसलंय का चिकटलंय?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. दाराकडे बघितलं, मग आत उभ्या असलेल्या लेकीकडे.

"बसलंय," ते म्हणाले.