हिश्शाचा कॉम्प्युटर

"दोनशे माणूस फेटा बांधीसन नाचनात, आनि त्यानी कॅसेट कव्हय येई? दिवाळीले?" धुळ्यातल्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून निंबानाना विचारत होते. "जीवराम, तू हाई दुकान चालावस, का नुसतं उघडस?"

शेजारचा सायकलवाला पंक्चर काढायचं थांबवून ऐकू लागला. जीवराम हा नानांचा सख्खा पुतण्या. धुळे जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांत तो खांद्यावर कॅमेरा घेऊन नवरदेवाच्या पुढे उलट्या पावलांनी चालला होता. पण शूटिंग वेगळं आणि मिक्सिंग वेगळं. नको ते कापायचं, गाणी भरायची, नवरानवरीची नावं गरगर फिरवत आणायची, हे सगळं नाशिकला होई. तिथे कॅसेट एकदा गेली की माहेरी गेलेल्या रुसक्या बायकोसारखी परत यायचं नाव घेत नसे. माघात नानांच्या धाकट्या लेकीचं, मंदाचं लग्न झालं, आणि त्याही कॅसेटवर तीच पाळी येणार असं दिसत होतं.

"आखाजीले मंदा येई, तिना सासरा येई," नाना म्हणाले. आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्यतृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण. "त्यासले कॅसेट दखाडी त ठीक. नही त दुकानले कुलूप लाव आनि मना जिनिंगमां काट्यावर बस."

काट्यावर बसायचं म्हणजे सरकी काढायच्या त्या कारखान्यात दिवसभर कापसाच्या गाड्या तोलायच्या आणि नाकात गेलेला कापूस शिंकरायचा. काम सोपं होतं. आपल्याला ते छान जमेल, याचीच जीवरामला भीती वाटत होती. एकदा जमलं की माणूस तिथून उठत नाही, हे त्यानं दोन चुलत भावांच्या बाबतीत पाहिलं होतं.

"नाना, आपला सोताना कॉम्प्युटर लिधा ना, त मिक्सिंग आठेच व्हई," त्यानं धीर करून सांगितलं. "सुटं सामान लई जोडं त स्वस्तमां पडस. पण मनाकडे इतला पैसा नही."

नानांनी थोडा विचार केला. कापडण्याला त्यांच्या मळ्यात एक विहीर होती. विहीर नानांची, मोटर एका चुलत भावाची, पाइप दुसऱ्याचा आणि विजेचं मीटर चौथ्याच्या मयत बापाच्या नावावर. भांडण झालं की ज्यानं त्यानं आपली वस्तू काढून न्यायची, हा तिथला कायदा होता. तरीही त्या विहिरीवर तीस वर्षं गहू पिकत होता.

"मंग हिस्सा करू," नाना म्हणाले.

अशा रीतीनं खानदेशातला बहुधा पहिला सामाईक कॉम्प्युटर जन्माला आला. हिस्सेदार चार. नाना, नानांची विधवा थोरली बहीण ताईबाई अक्का, थोरले जावई कौतिकराव आणि जीवराम. चौघं एस.टी.नं जळगावला गिरधरच्या दुकानात गेले. गिरधर कॉम्प्युटर जोडून देई. त्यानं पंखा लावला, चहा मागवला आणि कळकळीनं समजावून सांगितलं.

"नाना, व्हिडिओचं काम आहे. हार्ड डिस्क मोठी घ्या, रॅम मोठी घ्या. पैसे कमी असतील तर खोकं साधं घ्या. खोक्याला कोण बघतं?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. नाना ताडकन उठले आणि मांडलेल्या कॅबिनेटांवरून टिचक्या मारत हिंडू लागले. कोपऱ्यातल्या कमरेएवढ्या उंच कॅबिनेटाशी ते थांबले. त्याला समोर दार होतं आणि दाराला कुलूप-किल्ली होती.

"हाई!" नाना म्हणाले. "दारशी उना माणूसले हाई दिसी. तुनी रॅम कोनले दिसी?"

बाहेरून दिसेल ते सगळं नानांनी घेतलं: कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड. रॅम अक्कांच्या वाट्याला आली. गिरधरनं बोटभर पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली, तशा त्या किंचाळल्या.

"माय वं! इतला पैसामां इतलीशी? मना तपकीरनी डबीमां मावी जाई!"

"अक्का, त्यातल्या त्यात लहान घेतली तर निम्म्या पैशात..."

"निम्मीच दे," अक्का म्हणाल्या. "दिसत त नहीच शे."

राहिली हार्ड डिस्क. कौतिकराव नानांचे जावई. गेल्या बारा वर्षांत सासरवाडीच्या एकाही कार्यात न रुसता ते जेवले नव्हते. त्यांनी डिस्क हातात घेऊन कानाशी हलवून पाहिली.

"इनामां काय शे?"

"काही नाही. रिकामी आहे," गिरधर म्हणाला.

"रिकामा डबाना इतला पैसा?"

"रिकाम्या गोडाउनाचं भाडं द्यावंच लागतं की, पाव्हणं. माल तुम्ही भरायचा."

गोडाऊन हा शब्द कौतिकरावांना पटला. घ्यायची म्हणून त्यांनी डिस्क घेतली, पण सगळ्यात लहान. "आनि मना गोडाऊनमां कोणता माल ठेवाना, ते मी सांगसू," हेही त्यांनी तिथल्या तिथे बजावलं. गिरधरनं जीवरामला बाजूला घेतलं. "भाऊ, यात चांगलं चित्र फार तर वीस मिनिटं मावेल. शूटिंग किती आहे?" "तीन तास," जीवराम म्हणाला. गिरधरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. उरलेलं सामान जीवरामनं स्वतःची लूना विकून घेतलं. परतीच्या एस.टी.त नानांनी कॅबिनेट खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट फाडलं.

कॅबिनेट नानांचं, म्हणून कॉम्प्युटर कापडण्याला नानांच्याच ओसरीवर बसला. जीवराम दुकान बंद ठेवून रोज सकाळी धुळ्याहून तिथे जाऊ लागला. पण कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे आधी कॅबिनेटाची किल्ली हवी. ती नानांच्या करदोड्याला बांधलेली असे, आणि नाना मळ्यात असत. नाना सापडले की अक्का हव्यात. अक्का रोज संध्याकाळी आपली रॅम काढून घरी नेत. चोराचिलटाचा काही नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. सकाळी देवपूजा झाली की त्या डबी घेऊन येत. रॅमला एकदोनदा हळदकुंकूही लागलं होतं. कौतिकराव मात्र हाताशी होते. गोडाऊन राखायला म्हणून ते आखाजीपर्यंत सासरवाडीलाच मुक्कामाला राहिले होते.

जीवरामचा बेत असा होता की वीसेक मिनिटांचं लग्न आत घ्यायचं, काटछाट करून कॅसेटवर उतरवायचं, मग डिस्क पुसून पुढचं घ्यायचं. अशा खेपा करत सगळं लग्न पार पडलं असतं. पहिली खेप आत गेली. त्यात वरात येण्याआधीचा कौतिकरावांचा रुसवा होता. खुर्ची मागच्या रांगेत ठेवली म्हणून ते मांडवाबाहेर बाभळीखाली जाऊन उभे होते, आणि पाचसहा वडीलधारे त्यांची हनुवटी धरून विनवत होते.

"हाई पुसानं नही," कौतिकराव म्हणाले.

"पाव्हणं, पुसाशिवाय पुढलं मावाव नही!"

"मना गोडाऊनमां उना माल मी बाहेर काढू देत नही. पुसनं त डिस्क लई जासू."

जीवराम नानांकडे गेला. नानांनी किल्ली चाचपत विचारलं, "त्या रुसेल शेतस तितलं राही, मंग मना सत्कार कोठे शे?" पाहुण्यांना टोपी-टॉवेल देतानाचे सगळेच्या सगळे सत्कार त्यात यायला हवे होते. एकही कापला तर किल्ली मिळणार नव्हती. सत्कार घेतले. मग अक्कांना हे कळलं. त्या हळदीच्या दिवशी बँडपुढे नाचल्या होत्या, तेही चौसष्टाव्या वर्षी. तो नाच नसेल तर रॅम नाही, असं म्हणून त्या दोन दिवस डबीसकट नातवाकडे शिरपूरला जाऊन बसल्या. जीवराम एस.टी.नं शिरपूरला गेला, अक्कांना नाच सबंध घेण्याचा शब्द दिला आणि रॅमसकट घेऊन आला. तोवर इकडे नानांच्या सत्काराला जागा करायला आपला रुसवा अर्धा मिनिट कापला, हे कौतिकरावांना कळलं होतं. ते डिस्क धोतराच्या सोग्यात बांधून गावाबाहेर जाऊन उभे होते. चारपाच वडीलधाऱ्यांना पुन्हा जावं लागलं. हा दुसरा रुसवाही शूट करावा, असं कौतिकरावांनी सुचवून पाहिलं.

आखाजी तोंडावर आली. आंब्याला झोके बांधले गेले, पोरी गौराईची गाणी म्हणू लागल्या आणि जीवरामच्या डोळ्यांपुढे कापसाचा काटा नाचू लागला. तो रात्रंदिवस एकाच हिशोबात होता: कौतिकराव किती, नाना किती, अक्का किती. कोणाला शब्दानं दुखवायचं नाही. अखेर तिघांचं समाधान होऊन डिस्कवर एका मिनिटाची जागा उरली. जीवरामला हायसं वाटलं. चौथा हिस्सेदार आपण, लूना आपली गेली, एवढा हक्क तर आपलाही आहे, असं म्हणून त्यानं त्या मिनिटात कमळ उमलवलं आणि त्यातून 'मिक्सिंग : जीवराम, धुळे' ही अक्षरं गरगर फिरवत बाहेर काढली. सुरेख झालं होतं. ते पाहून त्याला स्वतःलाच भरून आलं.

आखाजीच्या संध्याकाळी नानांच्या अंगणात गाव लोटला. ओट्यावर टी.व्ही., पुढे सतरंजीवर चाळीसगावचे व्याही पंडितराव, त्यांच्या मागे नवरदेव, दाराआड मंदा. पंडितरावांचं चाळीसगावला लहानसं कापडाचं दुकान होतं. माणूस कमी बोलणारा, पण समोरचा कोणतं लुगडं घेणार हे त्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळे.

कॅसेट सुरू झाली. बाभळीखाली कौतिकराव दिसताच टाळ्या पडल्या. नानांच्या प्रत्येक सत्काराला ज्याचा सत्कार तो उठून उभा राहिला. अक्कांचा नाच गावानं मागे घेऊन घेऊन तीनदा पाहिला. शेवटी कमळ उमललं, आणि सारं अंगण "वा!" म्हणालं. जीवरामच्या छातीवरून कापसाची सगळी पोती उतरली.

"छान झालं," पंडितराव म्हणाले. "लग्न कोणाचं होतं?"

नानांनी जीवरामकडे पाहिलं, जीवरामनं कौतिकरावांकडे आणि कौतिकराव उगीच आंब्याकडे पाहू लागले. मंदा कुठेच नव्हती. नवरदेव कुठेच नव्हता. अंतरपाट, माळा, सप्तपदी, काही म्हणता काही नव्हतं. त्या कॉम्प्युटरात त्या दोघांचा हिस्सा नव्हता, म्हणून त्यांची आठवणच कोणाला झाली नव्हती. शेवटचं मिनिट तर आपणच खाल्लं, हे आठवून जीवरामचे कान तापले. दाराआडून मंदाचा हुंदका ऐकू आला, आणि आता काट्यावर बसवलं तरी थोडंच आहे असं त्याला वाटलं.

"जागा नव्हती," तो कसाबसा म्हणाला. "मूळ कॅसेट आहे, सगळं लग्न आहे त्यात. पण डिस्क लहान पडली."

पंडितराव उठले, ओसरीवर गेले आणि कॅबिनेटाभोवती एक फेरी मारून आले. "एवढ्या मोठ्या खोक्यात जागा नाही?"

"खोक्यात आहे. डिस्कमध्ये नाही. मोठी डिस्क लावली की सगळं मावेल."

"मग त्यात काय एवढं?" पंडितराव सहज म्हणाले. "आमचा मुलगा आहे, डिस्क आम्ही देतो. चांगली मोठी. उद्याच आणा जळगावहून."

नाना ताडकन उठले. मंदाच्या घरी गेले तरी ते पाण्याचा तांब्या घरून नेत. लेकीच्या सासरचा थेंब त्यांनी कधी घेतला नव्हता.

"व्याही! लेकीना घरनं मी पाणी पेत नही, आनि तुमनी डिस्क मना कॅबिनेटमां बसाडू? गाव मना तोंडमां शेण घाली!" आणि जीवरामकडे वळून ते गरजले, "देखी काय राहिना? सकायनी गाडीनं जळगाव जाय. गिरधरकडे सर्वात मोठी जी शे ना, ती लई ये. आनि खबरदार, आते काट्यावर जासू म्हणशी त! मना पैसा कोण वसूल करी?"

कौतिकरावांना तिथेच रुसावंसं वाटलं, पण सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

सकाळी पंडितराव चाळीसगावला निघाले आणि जीवराम जळगावला. दोघं एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर उभे राहिले. जीवराम त्यांच्या पाया पडला.

"तुम्ही डिस्क देतो म्हणालात, म्हणून मी वाचलो. फार मोठं मन तुमचं."

"कसलं मन, बाबा?" पंडितराव टोपी झटकत म्हणाले. "डिस्क घ्यायची आमची कुठली ऐपत! पण व्याही ती घेऊ देणार नाहीत, एवढं माहीत होतं." गाडी दिसली, तशी त्यांनी पिशवी उचलली. "ती दुसरी पट्टी, अक्कांची. तीही लहान पडते का?"

"रॅम? फार लहान पडते."

"मग घाई करू नकोस," पंडितराव पायरीवर चढत म्हणाले. "पुढचा महिना धोंड्याचा, जावई मागेल ते द्यावं लागतं. आमच्या मुलाला अजून रुसता येत नाही, पण शिकवतो."